पिंग जातोय का बघा!

चपला खालीच काढा. जिन्याच्या पहिल्या पायरीशी पाच-सहा जोड आधीच पडलेत, त्यांत तुमचाही मावेल. भिंतीवर पाटी आहे: ‘वर संगणक आहेत. चपला खाली. दोनदा सांगितले जाणार नाही.’ तुम्ही पुण्यात आहात, साल 1999, गणपतीचा सातवा दिवस, संध्याकाळचे पाच. अप्पा बळवंत चौकाच्या मागच्या गल्लीतला हा वाडा. जिना उभा, अंधारा, आणि कठड्याच्या जागी वरून लोंबणारा जाड दोर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत आणि जरासा चिकट झालेला. धरा आणि चढा. डोकं सांभाळा, वरची तुळई आल्यागेल्या सगळ्यांना प्रसाद देते.

वर पोचताक्षणी ऊब अंगावर येते. लांबोडकी खोली, तीत पाच कॉम्प्युटर, आणि पाचही मॉनिटर सकाळपासून तापताहेत. पंखा आहे, पण एकवर. जोरात लावला तर प्रुफं उडतात. नाकाला आधी तापलेला टोनर कळतो, मग ओल्या मातीच्या भिंतीचा कुबट वास, मग कोपऱ्यातल्या छोट्या गणपतीपुढचा कापूर. खिडकीतून गल्लीतल्या मंडळाचा स्पीकर थेट आत येतो. तिथे अफझलखान वधाचा हलता देखावा आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक घोगरा आवाज ‘आणि इतक्यात...’ म्हणतो, तलवारींचा खणखणाट होतो, खान कोसळतो, आणि पुढच्या खेळासाठी मुकाट उठून उभा राहतो. काळजी करू नका, आठ वाजेपर्यंत तुम्हालाही निवेदन पाठ होईल.

टेबलामागे चष्मा कपाळावर चढवून बसलेत ते काका, इथले मालक. त्यांचे वडील याच खोलीत खिळे जुळवायचे. आता काका डीटीपी करतात. गणपती ते दसरा हा त्यांचा खरा हंगाम, कारण दिवाळी पावणेदोन महिन्यांवर आलीय आणि तीन दिवाळी अंक या एका खोलीत गर्भारलेत. खिडकीजवळ ताई. त्यांची बोटं कीबोर्डवर अशी पडतात की कौलांवर वळवाचा पाऊस. लेखकांची अक्षरं अख्ख्या पुण्यात त्यांनाच लागतात. पलीकडे दोन पोरगे पेजमेकरमध्ये पानं लावताहेत. तुम्ही कोण? तुम्ही आजपासून मदतीला आलात. काकांनी नाव विचारलं नाही, हातात फ्लॉपी ठेवली.

‘ही तिकडे द्या, आणि तिकडची इकडे आणा.’

झालं, लागलात कामाला. इथे मजकूर पायांनी चालतो. ताईंनी टाइप केलेली कथा फ्लॉपीवर घ्यायची, पोराच्या मशीनला द्यायची. त्याने लावलेलं पान फ्लॉपीवर घ्यायचं आणि काकांच्या मशीनला आणायचं, कारण लेझर प्रिंटर फक्त काकांच्या मशीनला आहे आणि ट्रेसिंग तिथूनच निघतं. फ्लॉपीत मावतात 1.44 एमबी. नुसती कथा असेल तर ठीक. पण जाहिरातीचं चित्र 40 एमबीचं असलं की ते तुकडे करून 28 फ्लॉप्यांवर घ्यावं लागतं, आणि मग त्या ओळीने घालत बसायचं. ड्राइव्ह खर्र-खट-खर्र करत वाचतो. एकोणिसाव्या फ्लॉपीला तो तोच तोच खरखराट पुन्हा करू लागला की खोलीतले सगळे श्वास धरतात. पडद्यावर ‘अबॉर्ट, रिट्राय, फेल’ येतं. पोरगा फ्लॉपी काढतो, पत्रा सरकवून आत फुंकर मारतो, शर्टाला पुसतो, गणपतीकडे एकदा बघतो आणि पुन्हा घालतो. यातल्या कुठल्या उपायाला शास्त्रीय आधार आहे हे विचारू नका. कधीकधी चालतं.

तुम्ही म्हणाल, मग ती टेबलांच्या मागून जाणारी काळी वायर कसली? तेच तर दुखणं आहे. दोन वर्षांपूर्वी काकांनी तीन मशीनना लॅन टाकून घेतली होती. बोटाएवढी जाड नसली तरी अंगाने ताठ अशी काळी कोअ‍ॅक्स केबल, एका मशीनकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे. प्रत्येक मशीनच्या पाठीला धातूचा ‘टी’, आणि ओळीच्या दोन्ही टोकांना एकेक छोटी टोपी, टर्मिनेटर. ही केबल फार मानी. टी मशीनपासून सुटला तर तेवढं एकच मशीन बाहेर पडतं, बाकीचे चालतात. पण टीमधून केबल सुटली, कुणाचा पाय अडकला, खुर्चीचं चाक वरून गेलं, तर तिन्ही मशीन एकदम मुकी. चूक एकाची, उपास सगळ्यांना. ताईंनी पाय लांब केले की पलीकडचा पोरगा ‘ताईऽऽ’ ओरडतो, आणि नव्वद टक्के वेळा त्याचं बरोबर असतं.

आज सकाळपासून ती बंद आहे. म्हणूनच तुमची वरात फ्लॉपीवर.

आता जिन्यावर धाडधाड पावलं वाजतात. हार्डवेअरवाला दादा आला. पंचविशीचा, लुनावर भिजून आलेला, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत पेचकस, मल्टिमीटर, क्रिंपिंग टूल, आणि विंडोज 98ची सीडी, जिच्यावर मार्करने तिची लांबलचक की लिहिलेली आहे. तो कुणाशी बोलत नाही, थेट टेबलाखाली सरपटतो आणि हात बाहेर काढून म्हणतो, ‘बॅटरी धरा.’ धरा. तुम्हीही गुडघ्यांवर या. टेबलाखाली गरम हवा अडकून राहिलीय, मशीनच्या मागचे पंखे ती तुमच्या तोंडावर फुंकतात. फरशीवर रबरबँड, पेन्सिलीचं टोक, एक वाळलेला चिवडा. केबलच्या धातूच्या टोकाला नका हात लावू... लावलात? झिणझिण्या आल्या ना. वाड्याला अर्थिंग आहे म्हणतात, कुणी पाहिलेलं नाही.

दादा मल्टिमीटरच्या काड्या टीच्या तोंडाशी लावतो. मधल्या पिनला एक, बाहेरच्या कड्याला एक. ‘काय दाखवतंय?’ तुम्ही काटा वाचता: पन्नास. तो हसतो. दोन टोकांना पन्नास-पन्नास ओहमच्या टोप्या, समांतर जोडलेल्या, म्हणजे धडधाकट केबल 25 दाखवते. पन्नास म्हणजे एका बाजूची टोपी केबलला दिसतच नाही. मग तो मधल्या मशीनचा टी उघडतो, एक अंग मोजतो, दुसरं मोजतो. खिडकीकडचं अंग रिकामं. तुम्ही बॅटरी घेऊन केबलच्या मागे मागे रांगत ताईंच्या खुर्चीखालून कपाटाच्या मागे जाता, आणि शेवटच्या टीला टोपीच नाही.

‘ती होय,’ ताई म्हणतात, ‘ते टोक कशालाच जोडलेलं नव्हतं हो. मला वाटलं, उगाच आहे.’

टोपी मखरात सापडते. थर्माकोलचा खांब डुगडुगत होता म्हणून त्याखाली टेकू दिला होता. काका गणपतीची क्षमा मागून ती काढतात आणि खांबाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवतात. नेटवर्क चालू होतं. दहा मिनिटांनी पुन्हा बंद पडतं. खिडकीच्या कोपऱ्यात केबल कुरतडलेली आहे. सगळे मखरातल्या उंदराकडे बघतात. गणपतीच्या दिवसांत त्याला काय बोलणार.

‘पुरे,’ काका म्हणतात. ‘हब बसव. आजच. दिवसा काम थांबणार नाही, रात्री बसव. आणि पाचही मशीन घे.’

दादा कागदावर यादी करतो आणि यादी तुमच्या हातात येते. तपकीर गल्ली इथून पाच मिनिटांवर. आज पाऊण तास धरा.

जिना उतरून गल्लीत पाऊल टाकलंत की तुमचे पाय तुमचे राहत नाहीत. सात वाजलेत आणि अर्धं पुणे देखावे बघायला पेठांत उतरलंय. माणसांचा लोंढा बुधवार पेठेकडे सरकतोय, त्याला छेदून जायचं तर खांदा पुढे घालावा लागतो. पिपाण्या कानात वाजतात. जनरेटरचा डिझेलचा धूर, भाजलेल्या कणसाचा वास, ओल्या सदऱ्यांचा वास, आणि कुणाच्या तरी खांद्यावरच्या पोराच्या हातातला फुगा तुमच्या तोंडावर. रिमझिम चालू आहे, छत्री कुणी उघडत नाही, कारण उघडायला जागा नाही. तपकीर गल्लीत दुकानांच्या तोंडाशी वायरची वेटोळी टांगलेली, झिरमिळ्या आणि लखलखत्या माळांचा नुसता उच्छाद. दुकानदार एकाच वेळी चौघांना माल देतोय. ‘कॅट फाइव्ह’ म्हटल्यावर तो आत बघून ओरडतो, ‘कॉम्प्युटरची निळी!’ ती केबल खोक्यातून फर्रकन ओढून हातावर मोजली जाते. मोजताना त्याच्या हातावर लक्ष ठेवा, लांबी ज्याच्या-त्याच्या हातावर असते. एक गोष्ट मात्र विसरू नका. वीज नेणाऱ्या पट्टीतून ही केबल न्यायची नाही, म्हणून केसिंग-कॅपिंग वेगळं घ्या. प्लॅस्टिकच्या क्लिपा घ्या, बारीक खिळे घ्या. जॅक मोजून दहा लागतील, अठरा घ्या. का, ते कळेलच.

हब दादाने पुढच्या दुकानात सांगून ठेवलाय. आठ तोंडांचा, डबा हातात घेतलात तर चपातीच्या डब्याहून हलका. डी-लिंकचा आहे, आणि या कंपनीचा भारतातला कारखाना गोव्यात, वेर्ण्याला. दुकानदार हे अशा अभिमानाने सांगतो की जणू स्वतः मांडवीत न्हाऊन आलाय.

परत येताना केबलचं वेटोळं खांद्यावर, खोकं पोटाशी. लोक वाट देतात. तुम्हाला मंडळाचे वायरमन समजतात.

रात्रीचे नऊ. ताईंना घरी जायला हवं होतं, पण त्या थांबल्यात. आपल्या मशीनला काय करतात हे त्यांना बघायचंय. आधी केबल ओढणं. दादा ड्रिल लावून भिंतीत भोक पाडतो आणि भोकातून पिवळी माती वाळूघड्याळासारखी गळत राहते. ती गिट्टी धरायची नाहीच, ही वाड्याची भिंत आहे. मग केसिंग रद्द, केबल तुळईवरून. तुम्ही स्टुलावर, स्टूल टेबलावर, तोंडात चार खिळे. तुळईवर शंभर वर्षांची धूळ आहे, तिला काजळाचा आणि वटवाघळाचा वास येतो. क्लिप ठेवा, खिळा हलके ठोका. जोरात ठोकलात तर आतल्या तारा दबतील, आणि ते दुखणं वर्षभर सापडणार नाही. मध्येच खाली खान कोसळतो. तुम्ही दचकता, खिळा वाकतो.

मग जॅक मारणं. या कामात तुम्हाला बसवलंय ते तुमची बोटं बारीक आहेत म्हणून. निळी साल अंगठ्याएवढी सोला. आत चार जोड्या, एकमेकींना पीळ घातलेल्या. हे पीळ शोभेचे नव्हेत, त्यांच्यामुळेच शेजारच्या जोडीची कुजबुज या जोडीत येत नाही. म्हणून लागेल तेवढाच उलगडा, अर्ध्या इंचाच्या वर नको. आता आठ तारा ओळीने: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या जोडीत निळी जोडी घुसवलेली बघून तुमचा हात आपोआप ती सुधारायला जातो. नका सुधारू, तसंच असतं. चिमटीत धरून सपाट करा, डावी-उजवी वाकवून ताठ करा. तारा बोटांवर ठसे उमटवतात. कातरीने एका रेषेत कापा, जॅकमध्ये सारा, शेवटपर्यंत. समोरून बघा, काचेसारख्या प्लॅस्टिकमागे तांब्याचे आठ ठिपके दिसले? सातच? मग बाहेर काढा, पुन्हा. दिसले तर टूलमध्ये घालून दाबा. करकच्च. तो आवाज मनगटातून कोपरापर्यंत जातो आणि फार समाधान देतो. चार चांगले मारलेत की पाचव्यात पांढरा-हिरवा आणि पांढरा-निळा यांची अदलाबदल होणार, कारण साठच्या बल्बखाली सगळेच पांढरे सारखे दिसतात. तो जॅक उघडत नाही, कापून फेकायचा. म्हणून अठरा.

कार्डं बहुतेक जुनीच चालणार आहेत. त्यांच्या पाठीला गोल भोकही आहे आणि चौकोनीही, त्या कार्डवाल्यांना सगळ्या सासरची सोय माहीत होती. फक्त दोन नव्या मशीनना कार्ड घालायचंय. कॅबिनेटचा पत्रा उघडा. उघडताना तुमचं बोट कापतं. सगळ्यांचंच कापतं, त्या काळच्या पत्र्यांना धार फुकट मिळायची. आत धुळीची मऊ गादी आणि एक झुरळ, उबेला आलेलं. पत्र्याला हात टेकवून अंगातली वीज उतरवा, मग कार्ड खाचेत. दोन्ही अंगठ्यांनी दाबा, अजून, अजून... खट. एवढा जोर देणं चुकीचं वाटतं, पण कमी जोराचं कार्ड रात्री दोनला पिंग सोडतं.

विंडोज नवं कार्ड ओळखतं आणि ताबडतोब सीडी मागतं. सीडी ड्राइव्ह फक्त काकांच्या मशीनला. त्या मशीनमधून इकडे आणायचं कसं, तर नेटवर्कने. आणि नेटवर्क चालू कधी होणार, तर ते सीडीतलं इकडे आल्यावर. तुम्ही काही न बोलता फ्लॉपीचा डबा उचलता.

आता नावं. प्रत्येक मशीनला नाव हवं आणि नंबर हवा. दादा ‘पीसी वन, पीसी टू’ म्हणणार होता, पण काकांना ते रुचत नाही. पाच मशीन आहेत, मानाचे गणपतीही पाच. प्रश्न मिटला. काकांचं मशीन कसबा, त्याला 192.168.0.1, पहिला मान. दुसरं तांबडी जोगेश्वरी. पण इंग्रजी स्पेलिंगात ती अक्षरं सोळा होतात आणि विंडोज पंधरावरच हात आखडतं. मोठी चर्चा. शेवटी नुसतं ‘जोगेश्वरी’ ठेवतात आणि काका कानाला हात लावतात. ताईंचं मशीन गुरुजी तालीम, मग तुळशीबाग, मग केसरीवाडा. वर्कग्रुपचं नाव काय? ‘पुणे,’ तिघे एकदम म्हणतात. हो, ते सगळीकडे अगदी एकसारखं लिहा. एकाने शेवटचा ई गाळला तर तो स्वतःचं वेगळं पुणं काढून बसतो आणि कुणाला दिसत नाही.

नंबर टाकला, ओके केलं, की विंडोज सांगतं: रीस्टार्ट करा. वर्कग्रुप लिहिला, रीस्टार्ट. प्रोटोकॉल घातला, रीस्टार्ट. प्रत्येक वेळी ढगांचं चित्र, हार्ड डिस्कची कुरकुर, आणि चहाचा घोट. नेटवर्कवाल्यांचा चहा कधीच गरम का नसतो, ते आता तुम्हाला समजलंय.

पावणेबारा. हबमध्ये पाच जॅक. टक, टक, टक... प्रत्येक टकीबरोबर एक हिरवा दिवा. चौथा पेटत नाही. तो तुमचा जॅक आहे, सगळे सौजन्याने दुसरीकडे बघतात. कापा, नवा मारा. पेटला! काळ्या खिडकीत दादा अक्षरं ठोकतो. ‘पिंग जातोय का बघा!’ काका तिकडून ओरडतात. खोली चार पावलांची आहे, पण अशा वेळी ओरडायचंच असतं. पडद्यावर उत्तरं येतात, चार ओळी. जोगेश्वरीला जातो. तुळशीबागेला जातो. केसरीवाडा उत्तर देतो. गुरुजी तालीमही पिंगला उत्तर देते, पण ताईंच्या मशीनवर नेटवर्क नेबरहूड उघडलं तर आत कुणीच नाही.

इथे तुमचा अर्धा तास जातो. केबल बदलतात, हबचं तोंड बदलतात, वर्कग्रुपची अक्षरं एकेक करून वाचतात. ‘थांबा, यादी भरायला दहा-बारा मिनिटं लागतात कधीकधी,’ असं दादा म्हणतो, आणि ते खरंही आहे, पण बारा मिनिटंही होऊन जातात. शेवटी तो ताईंना म्हणतो, तुम्ही रोज चालू करता तसं करून दाखवा. ताई बटण दाबतात. ढग येतात. पासवर्डची चौकट येते. ताई एस्केप दाबतात.

‘हे काय केलंत?’

‘मला पासवर्ड नाहीच. ती खिडकी रोज येते, मी घालवते.’

चौकट घालवली की मशीन चालतं, पण नेटवर्कच्या दारातून आत जात नाही. विंडोज 98ची ही खोड. रिकाम्या पासवर्डवर ओके दाबायचं. ताई दाबतात आणि नेबरहूडमध्ये पाचही गणपती ओळीने उभे राहतात. ताई हात जोडतात. विनोद म्हणून नाही.

खरं सांगायचं तर दादा जे करतोय त्यात नवीन काही नाही. बॉब मेटकाफ यांनी 1973मध्ये झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या संशोधन केंद्रात इथरनेटचा आराखडा मांडला, तोही तिथल्या कॉम्प्युटरना एका लेझर प्रिंटरपर्यंत पोचता यावं म्हणूनच. काकांची गरज कॅलिफोर्नियाच्या तोडीची निघाली. इथेही नियम तेच: बोलण्याआधी वायर मोकळी आहे का ऐकायचं, दोघे एकदम बोलले तर दोघांनी गप्प व्हायचं, मनाला येईल तेवढं थांबायचं आणि पुन्हा बोलायचं. हबवर एक पिवळा दिवा आहे, टक्कर झाली की तो लुकलुकतो. लक्ष्मी रोडवर हा नियम अजून पोचलेला नाही.

साडेबाराला जिन्यावर पुन्हा पावलं. मुंबईच्या जाहिरात एजन्सीचा माणूस. संध्याकाळी स्टेशनवर उतरला आणि तेव्हापासून गर्दीतून इथवर पोचायचा प्रयत्न करतोय. खांद्यावरच्या काळ्या बॅगेत लॅपटॉप, तीन किलोचा तरी असेल. खोलीतले सगळे जवळ सरकतात, पोरगा हळूच झाकणाला बोट लावून बघतो. मागच्या कव्हरची जाहिरात त्याच्यात आहे, 60 एमबी. फ्लॉपीत आणणं शक्य नाही, म्हणून माणूसच आलाय.

या लॅपटॉपला नेटवर्कचं भोक नाही. त्याच्या बरगडीत एक फट आहे, तीत व्हिजिटिंग कार्डाएवढं धातूचं कार्ड सरकवायचं. सरकवा. लॅपटॉप दोन सुरांत चिवचिवतो. कार्डाच्या कडेला वीतभर वायरीची एक शेपटी लावायची, आणि निळ्या केबलचा जॅक त्या शेपटीत. ही शेपटी म्हणजे अख्ख्या व्यवस्थेतला सगळ्यात महाग आणि सगळ्यात नाजूक तुकडा. लोक ती हॉटेलात विसरतात, आणि मग कार्ड नुसतं खिशात ठेवायच्या लायकीचं. याने आणलीय, पण ती ढिली झालीय. दिवा पेटतो, विझतो, पेटतो.

त्याच्या ऑफिसचे नंबर वेगळे आहेत, ते पुसायच्या आधी लिहून घ्यावे लागतात. दादा मंडळाच्या वर्गणीच्या पावतीमागे लिहितो. नवा नंबर सहावा. नाव? पाच मान तर संपले. ‘दगडूशेठ,’ पोरगा म्हणतो, ‘मानात नाही, पण गर्दी त्याच्याकडेच.’

कॉपी सुरू. कागद एका फोल्डरमधून दुसऱ्यात उडत जातात आणि मध्येच अडतात. ‘शेपूट धरा!’ तुम्हाला सांगतात. धरा. अंगठा वर, दोन बोटं खाली, किंचित डावीकडे दाब. दिवा स्थिर. हलू नका. दीडेक मिनिट लागेल. कार्ड गरम आहे, तुमच्या बोटांतून ते कळतंय. नाकावर घाम आलाय आणि तो पुसता येत नाही. हबवर पिवळा दिवा वेड्यासारखा फडफडतोय. पट्टी सरकते. तुमच्या चिमटीतून या क्षणी पैठणीचा एक पदर, एक समई आणि साबणाची वडी पुण्यात येतेय.

नव्वद टक्क्यांवर लाइट जाते.

मंडळाने एवढे दिवे ओढलेत की जायचीच होती. खाली गलका उठतो, खान अर्धाच कोसळून थांबतो. वर यूपीएस किंचाळू लागतो. मॉनिटर चालू, मशीन चालू, लॅपटॉप चालू... आणि हब मेलेला. त्याचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या प्लगमध्ये होता. दादा कपाळावर हात मारतो. यूपीएसच्या बोर्डवर जागा शोधायला तुम्ही बॅटरी मारता: मशीन, मशीन, मशीन, मशीन, मशीन, फॅक्स, गणपतीची माळ.

‘माळ काढू?’ पोरगा विचारतो. काका नुसते बघतात. फॅक्स निघतो.

हिरवे दिवे परत. शेपूट धरा. पहिल्यापासून.

एकच्या सुमाराला जाहिरात कसब्यात पोचते, लाइटही परत येते. आता ताईंचा हट्ट: पहिली प्रिंट त्यांच्या मशीनवरून जायची. त्या प्रिंट दाबतात. दोन सेकंद काहीच नाही, आणि मग खोलीच्या पलीकडच्या टोकाला, कुणीही हात न लावता, प्रिंटर घरघरतो, खाकरतो आणि ओला-गरम कागद बाहेर सोडतो. एकच जल्लोष होतो. लगेच तुळशीबाग प्रिंट देते. जोगेश्वरी देते. केसरीवाड्याला धीर कुठला. ट्रेमध्ये एकावर एक पडू लागतं: कथेचं शेवटचं पान, त्यावर अनारशांची पाककृती, राशिभविष्यातली मीन रास, पुन्हा कथा, आणि कुणाचं तरी गॅसचं बिल. सगळं महागड्या ट्रेसिंगवर, कारण साधा कागद घालायचं कुणालाच सुचलेलं नाही.

‘कोणी दिल्या या?’ काका गरजतात. ‘कुणाचं काय हे कसं कळणार?’

सगळे तुमच्याकडे बघतात. स्टूल प्रिंटरपाशी सरकवलं जातं. बसा. निघेल ते पान बघायचं, कुणाचं ते ओळखायचं, आणि उठून ज्याचं त्याला नेऊन द्यायचं.